उंदराचा सापळा, जिवाणूचं शेपूट आणि मामांचा फॉरवर्ड

तिरफळ (धागाकर्ता), शनिवार रात्री ९:५०

मंडळी, घरातल्या भांडणातून धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमचे मामा ७२ वर्षांचे. उभा जन्म टूलरूममध्ये गेला. डाय, जिग, फिक्स्चर म्हटलं की माणूस झोपेतून उठून मायक्रॉनमध्ये बोलतो. गेल्या आठवड्यात त्यांनी फॅमिली ग्रुपवर एक ॲनिमेशन टाकलं. जिवाणूला पोहायला एक शेपूट असतं, कशाभिका. ती माशाच्या शेपटीसारखी हलत नाही, गोल फिरते, आणि तिच्या बुडाशी पेशीच्या भिंतीत चक्क मोटर बसवलेली असते: रोटर (फिरणारा भाग), स्टेटर (स्थिर भाग), शाफ्ट, शाफ्टभोवती बुश (शाफ्टला धरणारी कडी), वर युनिव्हर्सल जॉइंटसारखा वाकडा आकडा. मी तीन वेळा पाहिलं. खोटं नाही, खरंच तसं असतं.

खाली मामांचा प्रश्न: "यातला बुश काढ. चालेल? शाफ्ट काढ. चालेल? मग अर्धी मोटर त्या जिवाणूच्या काय कामाची? आणि कामाची नसेल तर तुझी नैसर्गिक निवड ती सांभाळून का ठेवील?"

मी बीकॉम. गप्प बसलो. मग शोधाशोध केली तर कळलं की हा मुद्दा मायकल बीही या बायोकेमिस्टचा, पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठातला. १९९६ मध्ये त्याने पुस्तक लिहून याला नाव दिलं इर्रिड्युसिबल कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे एकही भाग काढता न येणारी गुंतागुंत. त्याचं लाडकं उदाहरण उंदराच्या सापळ्याचं. फळी, स्प्रिंग, दांडा, अडकवायची काडी, आमिषाचा खटका. पाचातलं एक काढा, उंदीर कमी मरत नाहीत, मरतच नाहीत. आणि गंमत म्हणजे १८५९ मध्ये डार्विननेच लिहून ठेवलंय की लहानलहान बदलांच्या साखळीतून जो तयार होणं शक्यच नाही असा एखादा अवयव कुणी दाखवला, तर माझा सिद्धांत कोसळला.

मामांना काय उत्तर देऊ? "मामा, तुम्हाला विज्ञान कळत नाही" हे उत्तर चालणार नाही. ते हयात आहेत आणि दिवाळी जवळ आली आहे.

चकलीचा तुकडा, ९:५८

जागा धरून ठेवतो.

उंटावरचा शहाणा, १०:०५

मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. पाण्यातून जमिनीवर, पशूतून माणसाकडे. डार्विनच्या कितीतरी आधी आपल्याकडे हे सगळं सांगून झालंय. फक्त पेटंट घेतलं नाही.

मधली आळी, १०:११

उत्क्रांतीच्या प्रत्येक धाग्यावर दशावतार येतातच, आज दुसऱ्या प्रतिसादातच आले. पण शहाणेबुवा, मत्स्याचा कूर्म झाला असं कुठलं पुराण म्हणतं? विष्णू दर वेळी नव्याने, आख्खा, सगळ्या पार्टसकट अवतरतो. हे तर मामांच्या बाजूचं उदाहरण झालं.

सापळ्याबद्दल: आमच्याकडे फळीचा नव्हे, तारेचा पिंजरा होता. आत आकड्याला भजं लावायचं, उंदराने ओढलं की दार खाली. दोन वर्षांपूर्वी आकडा गंजून तुटला. बीहीच्या हिशोबाने पिंजरा संपला. सासूबाईंनी तो घासून उन्हात वाळवला आणि खिडकीत टांगला. आज त्यात कांदे-लसूण असतात, हवा खेळती राहते, मोड येत नाहीत. "सापळा म्हणून निकामी" म्हणजे "निकामी" नव्हे, एवढंच.

ओळंबा, १०:४०

मी बांधकामवाला. जुन्या वाड्याची दगडी कमान बघा. मधला चावीचा दगड काढा, सगळी खाली. बाजूचा कुठलाही काढा, तरी खाली. मग ती बांधली कशी, सगळे दगड एकदम हवेत फेकून? खाली सेंटरिंग असतं राव. लाकडी सांगाडा, त्यावर एकेक दगड, मग सांगाडा काढून घ्यायचा. शंभर वर्षांनी बघणाऱ्याला सांगाडा दिसत नाही.

उभी असलेली कमान बघून ती कशी बांधली हे विचारायचं असेल तर फक्त "काय काढलं की पडते" एवढंच विचारून भागत नाही.

शंकासुर, ११:२०

कांद्याचा पिंजरा सासूबाईंनी टांगला. सेंटरिंग ओळंबासाहेबांनी लावलं. दोन्ही उदाहरणांत कर्ता हजर! १८०२ मध्ये विल्यम पेली या इंग्रज पाद्रीने हेच तर सांगितलं, माळावर घड्याळ सापडलं तर घड्याळजी असणार. तुम्ही त्याचंच घड्याळ मोडून त्याला परत देताय.

मी देवाच्या बाजूने भांडत नाहीये. बाजू कच्च्या उपम्यांवर उभी राहू नये म्हणून बोलतोय. जिवंत शरीरातलं उदाहरण द्या, जिथे "अत्यावश्यक" भाग काढूनही काम चालतं.

रक्तपिपासू, रविवार सकाळी ७:३०

नाव बघून घाबरू नका, पॅथॉलॉजिस्ट आहे. शंकासुर, तुमची मागणी रास्त आहे आणि मी ते रोजच्या टेबलावर पाहिलंय.

बीहीचं दुसरं मोठं उदाहरण रक्त गोठण्याचं. कापलं की एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, ते तिसऱ्याला, अशी साखळी, शेवटी फायब्रिनचं जाळं. घटकांना रोमन आकडे आहेत, आम्ही फॅक्टर आठ, फॅक्टर नऊ म्हणतो. आठ नसेल तर हिमोफिलिया ए, नऊ नसेल तर हिमोफिलिया बी. एक कडी तुटली आणि मूल गुडघ्यात रक्त साठून कळवळतं. इथपर्यंत बीहीचं बरोबर.

आता ऐका. काही वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनआधीचं एक सॅम्पल आलं. पीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची एक चाचणी, नॉर्मल. तशीच दुसरी चाचणी एपीटीटी, जी साधारण तीस सेकंदांच्या आसपास यायला हवी, ती १२० च्या पुढे. टेक्निशियनला वाटलं नळीत रक्त कमी भरलं. नवीन सॅम्पल घेतलं, तेच. निळ्या बुचाची नळी हातात धरून तिरकी करत होते, प्लाझ्मा आपला पाण्यासारखा इकडून तिकडे. सर्जनचा फोन: रद्द करू का? मी पेशंटला विचारलं, दाढ काढली होती का? "दोन काढल्या." रक्त थांबलं? "तासाभरात जेवलो." निरोगी माणसाचा प्लाझ्मा अर्धा-अर्धा मिसळून चाचणी लावली, वेळ नॉर्मलला आली, म्हणजे काहीतरी कमी होतं. निघालं फॅक्टर बारा, जवळजवळ शून्य.

बारा नसलेल्या माणसाचं रक्त आमच्या काचेत गोठत नाही, अंगात गोठतं. ऑपरेशन झालं, बोळे नेहमीएवढेच लागले. १९५५ मध्ये ओहायोतल्या हेगमन नावाच्या रेल्वे कामगारात हे पहिल्यांदा सापडलं, म्हणून बाराला हेगमन फॅक्टर म्हणतात. आणि तो बिचारा पुढे गेला कशाने? फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून!

डॉल्फिन आणि देवमाशांमध्ये बारा नाहीच. देवमाशात त्याचं जनुक मोडलेल्या अवस्थेत अजून पडून आहे, बंद पडलेल्या घड्याळासारखं. पफर माशात बारासकट सुरुवातीचा आख्खा गट गायब आहे. सगळे मजेत पोहतात.

शंकासुर, ८:१५

उत्तम, पण अर्धंच सांगितलंत. बीहीने पुस्तकातच म्हटलंय की गोठण्याची साखळी सुरू होण्याच्या दोन वाटा जिथे एकत्र येतात त्याच्या आधीचा भाग मी सोडतोय. त्याचा दावा पुढच्या भागाबद्दल आहे: दहा, पाच, प्रोथ्रोम्बिन, फायब्रिनोजेन. तुमचा बारा त्या फाट्याच्या अलीकडे.

रक्तपिपासू, ८:५०

मान्य, ती पळवाट त्याने ठेवली आहे. मग आठ आणि नऊकडे बघा. तेही फाट्याच्या अलीकडेच, पण आपल्यात कमालीचे आवश्यक, हिमोफिलियाच्या आईला विचारा. लॅम्प्री म्हणून बिनजबड्याचा, सर्पासारखा मासा आहे. त्याच्यात आठही नाही आणि नऊही नाही. रक्त गोठतं. म्हणजे "काढलं की मरतो" हे आपल्यापुरतं खरं आहे, कायमचं खरं नव्हतं.

आणि फाट्यापलीकडचं म्हणाल, तर प्रोथ्रोम्बिन, दहा, नऊ, सात ही एकाच घराण्यातली मंडळी. सगळ्यांची प्रथिनं कापायची कात्री तीच, आणि ती आतड्यात अन्न पचवणाऱ्या ट्रिप्सिनच्या कुळातली. जनुकाची चुकून एक जादा प्रत पडते, मूळ प्रत आपलं काम करत राहते, जादा प्रत हळूहळू दुसरीकडे लागते. रसेल डूलिटल हा बायोकेमिस्ट आयुष्यभर हे घराणं जुळवत बसला होता.

आता मला खरं आवडणारी गोष्ट. हा सगळा वाद बीहीच्या आधी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच सुटला होता. १९१८ मध्ये हर्मन मुलर या अनुवंशशास्त्रज्ञाने लिहिलं की उत्क्रांतीतून असंच व्हायला हवं: एखादा भाग आधी नुसता फायद्याचा म्हणून येतो, मग बाकीचं यंत्र त्याच्या भरवशावर बदलत जातं, आणि एक दिवस तो अत्यावश्यक होऊन बसतो. म्हणजे बीही जे उत्क्रांती न झाल्याचं लक्षण म्हणतो, ते मुलरने उत्क्रांतीचं अपेक्षित फळ म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं.

क्लिनिकला निघते.

सेक्रेटरी बी विंग, ९:३०

ताई, तुमचा मुलर आमच्या सोसायटीत राहतो.

इमारत जुनी, चार मजली, लिफ्ट नव्हती. २००९ मध्ये बाहेरच्या बाजूने लिफ्ट लावली तेव्हा निम्मे सभासद "कशाला हवी" म्हणून भांडले होते. सोय होती, गरज नव्हती. मग काय झालं? जिन्यात लोकांनी चपलांची कपाटं ठेवली. वरच्या मजल्याचे भाव वाढले, तिथे दोन ज्येष्ठ जोडपी राहायला आली. तिसऱ्यावरच्या काकांचं डायलिसिस सुरू झालं. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घ्यायचं विसरला. गेल्या मे महिन्यात लिफ्ट नऊ दिवस बंद होती, तेव्हा मला जे ऐकून घ्यावं लागलं ते या धाग्यावर लिहिता येणार नाही.

नवा भाडेकरू म्हणाला, "ही बिल्डिंग लिफ्टशिवाय बांधलीच कशी?"

ओळंबा, ९:४१

काका, आजचा प्रतिसाद तुमचा. माझी कमान मागे घेतो.

सस्क्वेहानाकाठी, सकाळी ११:००

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गजवळ राहते, म्हणून या वादाची कोर्टातली बाजू सांगते, थोडक्यात.

इथून जवळच डोव्हर गाव आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या शाळा मंडळाने ठरवलं की नववीच्या मुलांना जीवशास्त्राआधी एक निवेदन वाचून दाखवायचं: डार्विनच्या सिद्धांतात पोकळ्या आहेत, "बुद्धिमान रचना" (सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले) हा पर्याय आहे, त्याचं एक पुस्तक ग्रंथालयात मिळेल. शिक्षकांनी वाचायला नकार दिला, अधिकारी येऊन वाचून गेले. अकरा पालक कोर्टात गेले. सप्टेंबर २००५ मध्ये हॅरिसबर्गच्या फेडरल कोर्टात खटला उभा राहिला, बीही स्वतः साक्षीला होता.

त्यातले दोन प्रसंग विसरण्यासारखे नाहीत. बीहीचं म्हणणं, रोगप्रतिकारशक्ती कशी उत्क्रांत झाली यावर विज्ञानाकडे उत्तर नाही. वकिलाने त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध आणि वर पुस्तकं त्याच्यासमोर रचली. तो म्हणाला, हे पुरेसं नाही. दुसरं, विज्ञानातल्या सिद्धांताची तुमची व्याख्या लावली तर ज्योतिषही त्यात बसेल ना, असं विचारल्यावर त्याला हो म्हणावं लागलं.

आणि ते ग्रंथालयातलं पुस्तक! त्याचे जुने खर्डे कोर्टात आले. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळेत सृष्टिवाद (सृष्टी देवाने घडवली हे मत) शिकवण्याचा कायदा रद्द केला, त्यानंतरच्या खर्ड्यात "क्रिएशनिस्ट्स" (सृष्टिवादी) काढून "डिझाइन प्रोपोनंट्स" (रचनेचे समर्थक) घातलं होतं. एका ठिकाणी घाईत अर्धंच बदललं गेलं, तिथे "सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स" असा शब्द उरला होता. उत्क्रांतीतला मधला दुवा हवा होता ना, तो तिथे छापील मिळाला.

२० डिसेंबर २००५ ला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला: हे विज्ञान नाही, शाळेत आणता येणार नाही. जोन्स यांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुशने केलेली, म्हणून "डाव्यांचा कट" म्हणायचीही सोय राहिली नाही. पालकांच्या वकिलांचे दहा लाख डॉलर मंडळाच्या बोकांडी बसले.

चकलीचा तुकडा, ११:०९

ज्योतिषाला विज्ञान म्हणायला आपल्याकडे साक्षीपुराव्याची गरज पडली नाही, यूजीसीने २००१ मध्येच अभ्यासक्रम काढले होते.

मधली आळी, ११:१५

आणि जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत, तेव्हाचं नाव तेच, वैदिक संमेलनात केंद्रीय राज्यमंत्री म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नाही, सबब डार्विन चूक. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना एकत्र निवेदन काढावं लागलं. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली, धड्याचं नाव नुसतं "आनुवंशिकता" उरलं.

उंटावरचा शहाणा, ११:२२

सुरू झालं. आता सगळं खापर सरकारवर.

संपादक, ११:४०

या मुद्द्यावरचे पुढचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. कशाभिकेवर या.

अगरअगर, दुपारी २:१०

मायक्रोबायोलॉजीत पीएचडी करते आहे, म्हणून कशाभिका माझी. दोन गोष्टी.

मामांचा बुश: ई. कोलायसारख्या जिवाणूंना दोन पडदे असतात, आणि शाफ्ट बाहेरच्या पडद्यातून जातो तिथे ती बुशाची कडी असते. बॅसिलस सबटिलिसला बाहेरचा पडदाच नाही. त्याच्या मोटरमध्ये ही कडीही नाही. मोटर झकास फिरते. तेव्हा "बुश काढ, चालेल?" याचं उत्तर, कुठल्या जिवाणूत विचारताय त्यावर आहे.

दुसरी गोष्ट सगळीकडे सांगतात ती पिचकारीची. प्लेगचा जिवाणू, तोच ज्याने १८९७ मध्ये पुणं रिकामं केलं, आपल्या पेशींत विषारी प्रथिनं टोचतो. त्या टोचण्याच्या यंत्राची दहाएक प्रथिनं कशाभिकेच्या बुडाशी सख्खं नातं सांगतात. म्हणजे मोटरचे बरेच भाग मोटर नसतानाही कामाला येतात. पण यावरून "आधी पिचकारी, मग मोटर" म्हणू नका. कुळी जुळवली तर बहुधा पिचकारीच कशाभिकेतून निघालेली दिसते. आमच्या बाजूचे लोकही हे घाईने चुकीचं सांगतात.

शंकासुर, २:३५

प्रामाणिकपणाला सलाम. पण मग माझा प्रश्न तसाच राहतो. घराणी, नाती, जुने अवशेष सगळं मान्य. कर्त्याशिवाय नवा, न काढता येणारा भाग घडताना कुणी पकडलाय का?

अगरअगर, ३:२०

दोन ठिकाणी पकडलाय.

एक, यीस्ट. पेशीत आम्ल पंप करणारं एक यंत्र असतं, त्यात सहा तुकड्यांचं एक कडं. प्राण्यांत ते दोन प्रकारच्या प्रथिनांनी बनतं, बुरशी-यीस्टमध्ये तीन प्रकारांनी, आणि तिन्ही लागतात, एक काढलं की पंप बंद. बीहीच्या व्याख्येत चपखल. शास्त्रज्ञ जो थॉर्न्टन यांच्या गटाने आजच्या जनुकांवरून मागे हिशोब करत प्रत पडण्याआधीचं पूर्वज प्रथिन प्रयोगशाळेत बनवलं आणि आजच्या यीस्टमध्ये घातलं. एकटं तिघांपैकी दोघांचं काम करू लागलं. २०१२ मध्ये हे छापून आलं. मूळ प्रथिनाला कड्यातल्या सगळ्या जागा जमत होत्या. प्रत पडली, दोन झाली, आणि एकेका बारीक बदलाने एक प्रत एक जागा विसरली, दुसरी प्रत दुसरी. घरात दोन सुना आल्या, एक पुरण विसरली, दुसरी उकड. आता सणाला दोघी लागतात. कुणी नवीन काही शिकलं नाही, तरी दोघींपैकी एकीलाही माहेरी पाठवता येत नाही.

शंकासुर, ३:२८

हा विसर झाला. वाढ कुठे आहे?

अगरअगर, ३:५५

थांबा की. दोन, अमेरिकेतल्या जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्कीचा प्रयोग. २४ फेब्रुवारी १९८८ ला त्याने एकाच ई. कोलायपासून बारा फ्लास्क सुरू केले. रोज थोडं ग्लुकोज, रोज नव्या फ्लास्कमध्ये बदली, दर ५०० पिढ्यांनी नमुना फ्रीझरमध्ये. जिवाणू वाढवायच्या द्रवात सायट्रेटही (सायट्रिक आम्लाचा क्षार) असतं, पण हवेत वाढताना ई. कोलायला ते खाता येत नाही, ती तर त्याला ओळखायच्या खुणांपैकी एक. सुमारे ३३,००० पिढ्यांनंतर एक फ्लास्क बाकीच्यांपेक्षा गढूळ दिसला. पहिला विचार आम्हा सगळ्यांचा असतो तोच, घाण शिरली. घाण नव्हती. ते सायट्रेट खात होते.

मग फ्रीझरमधले जुने नमुने वितळवून पुन्हा वाढवले. साधारण २०,००० पिढ्यांच्या आधीच्यांना ते परत जमेना, नंतरच्यांतल्या काहींना जमलं. म्हणजे आधी पायाभरणी झाली होती, बाहेरून काहीच दिसत नसताना.

तुम्ही म्हणाल, सायट्रेट आत घेणारं जनुक तर आधीच होतं. होतं. फक्त बिनहवेच्या वेळी चालू व्हायचं. त्याची एक प्रत चुकून दुसऱ्या जनुकाच्या बटणाखाली जाऊन पडली, आणि ते बटण हवेत चालू असतं. बीहीचाही आक्षेप हाच की यात नवीन ते काय. माझं म्हणणं, घरातली जुनी वायर, नवा स्विच. उत्क्रांती बहुतेक वेळा एवढंच करते, आणि एवढं केल्यावर बाकीचे अकरा फ्लास्क उपाशी असताना बारावा दुसऱ्या ताटावर बसला.

एका जिवाणूची आख्खी मोटर पायरीपायरीने बनताना कुणी पाहिली नाही, हे खरं. तिथल्या बऱ्याच पायऱ्या अजून कोऱ्या आहेत. पण कोरं पान म्हणजे सही नव्हे.

शंकासुर, ४:३०

शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं घेतो. ते जरा भाषणासारखं झालं.

अगरअगर, ४:३२

झालं खरं. काल मार्गदर्शकांसमोर सेमिनार होता, अजून उतरलं नाही.

तिरफळ (धागाकर्ता), रात्री ८:४५

अहवाल देतो. मामांना दुपारी सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. लिफ्टवर हसले. लॅम्प्रीवर "फोटो दाखव" म्हणाले आणि बघून "शी" म्हणाले. हेगमनवर बराच वेळ गप्प होते, मामी गुठळीनेच गेली.

बॅसिलसचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला. मग कागद मागितला, पडद्याच्या दोन रेघा मारल्या, मधून शाफ्ट काढला आणि म्हणाले, "मग याला बुश कोण म्हणतो? भिंतीतून पाइप काढताना आपण स्लीव्ह घालतो तो आहे हा. भिंत नाही तर स्लीव्ह कशाला? ॲनिमेशनवाल्याने चुकीचं नाव दिलंय." मोटरवाल्याची चूक निघाल्याचा त्यांना फार आनंद झाला. उत्क्रांती पटली का, असं विचारलं तर म्हणाले, "स्लीव्हचं पटलं. रोटर-स्टेटरचं कागदावर काढून दे, मग बोलू."

त्या कोऱ्या पायऱ्या कुणाला जमतील तेवढ्या काढून द्या, कृपा होईल.

रक्तपिपासू, ९:१०

रोटर अगरअगरकडे. तुमच्या मामांना आमच्या लॅबमध्ये नोकरी देऊ का? आमचं सेंट्रिफ्यूज तीन महिने थरथरतंय.

मधली आळी, ९:३५

अवांतर: उंदीर परत आलाय. सासूबाईंनी कांदे काढून पिंजरा माझ्या हातात दिलाय, "याला आकडा लावून आण." बोहरी आळीत तिघांनी सांगितलं, सुटा आकडा मिळत नाही, नवा पिंजरा घ्या. कुणाला माहीत आहे का कुठे मिळेल?

ओळंबा, ९:४२

आकडा कशाला शोधताय? सायकलचा जुना स्पोक घ्या, पक्कडीने टोक वाकवा. डोक्याकडचा गोळा वरच्या तारेत अडकतो, निसटत नाही. आमच्या साइटवर तिन्ही पिंजऱ्यांना तोच आहे.